आर्सचा उन्हाळा आणि संत जॉन मेरी व्हियानी



दरवर्षी ४ ऑगस्ट रोजी ख्रिस्तसभा धर्मगुरूंचे आश्रयदाते संत जॉन मेरी व्हियानी यांचा सण साजरा करते. त्या दिवशी आपण आपल्या फादरांना फुले देतो, शुभेच्छा देतो, मिस्सानंतर त्यांच्यासाठी टाळ्या वाजवतो आणि दुसऱ्या दिवशी आपापल्या कामाला लागतो. संताचे नाव आपल्या ओळखीचे असते, पण त्यांनी आपले आयुष्य ज्या गावासाठी वेचले ते गाव आपल्याला फारसे ठाऊक नसते. म्हणून आज आम्ही संतांबरोबर त्यांच्या गावाचीही ओळख करून देणार आहोत.

आपल्याकडे हा सण भर पावसात येतो. शेतात आवणी झालेली असते, वाटा चिखलाने भरलेल्या असतात. फ्रान्समध्ये मात्र जून, जुलै, ऑगस्ट हे उन्हाळ्याचे महिने. जूनमध्ये गवत कापायचे, जुलैमध्ये गहू कापायचा, मग मळणी करून धान्य घरात आणायचे. वर्षभराची भाकर या तीन महिन्यांत मिळवायची असते. गावोगावच्या जत्रा आणि ख्रिस्तशरीराच्या सणाची मिरवणूकही याच दिवसांत. खेड्यातल्या माणसांचा देवावर किती भरवसा आहे याची परीक्षा उन्हाळ्यात होते, कारण गहू पिकलेला असतो, आकाशात ढग येतात आणि नेमका त्याच दिवशी रविवार असतो. संत व्हियानी यांचे जीवन आम्ही वाचत गेलो तेव्हा त्यांच्या आयुष्यातल्या पुष्कळशा मोठ्या घटना उन्हाळ्यातच घडल्याचे आमच्या लक्षात आले.

गवताच्या गाड्यांआड

जॉन मेरी यांचा जन्म ८ मे १७८६ रोजी फ्रान्समधील लिऑन शहराजवळच्या दार्दिली या खेड्यात झाला. वडील मॅथ्यू आणि आई मारी हे शेतकरी होते. त्यांना सहा मुले झाली, त्यांतले जॉन मेरी चौथे. घर सुखवस्तू नव्हते, पण दारी आलेल्या भिकाऱ्याला भाकर आणि रात्रीचा निवारा मिळत असे.

जॉन मेरी तीन वर्षांचे असताना, १७८९ मध्ये, फ्रेंच राज्यक्रांती झाली. पुढच्या वर्षी सरकारने ख्रिस्तसभेला आपल्या ताब्यात घेणारा कायदा केला आणि धर्मगुरूंना त्या कायद्याची शपथ घ्यायला लावली. ज्यांनी नकार दिला त्यांना लपूनछपून राहावे लागले. कोणी सुतार बनले, कोणी स्वयंपाकी. रात्री एखाद्या शेतघरात किंवा गोठ्यात ते मिस्सा अर्पण करीत आणि लोक अंधारात कोसभर चालत येत. जॉन मेरी यांनी आपले पहिले पापनिवेदन वयाच्या अकराव्या वर्षी स्वतःच्या घरातच केले, कारण चर्चचे दार बंद होते.

१७९९ च्या उन्हाळ्यात, गवत कापणीच्या दिवसांत, शेजारच्या एक्युली गावातील एका घरी सोळा मुलांना प्रथम ख्रिस्तप्रसाद देण्यात आला. जॉन मेरी तेव्हा तेरा वर्षांचे होते. खिडक्यांच्या झडपा लावून घेतल्या होत्या. आतल्या मेणबत्त्यांचा उजेड बाहेर दिसू नये म्हणून गावकऱ्यांनी गवताने भरलेल्या गाड्या खिडक्यांसमोर आणून उभ्या केल्या आणि आत मिस्सा चालू असताना बाहेर ते शांतपणे गवत उतरवीत राहिले. रस्त्याने जाणाऱ्या शिपायाला वाटावे की शेतकरी आपले नेहमीचे काम करीत आहेत. आपल्या मुलांच्या प्रथम ख्रिस्तप्रसादाच्या दिवशी आपण मांडव घालतो, फोटो काढतो, जेवणावळी उठवतो, त्यात काही गैर नाही. पण त्या सोळा मुलांच्या आईबापांनी काय धोका पत्करला होता याची आठवण त्या दिवशी ठेवायला हरकत नाही. ख्रिस्तप्रसादाचे मोल जॉन मेरी यांना त्याच दिवशी कळले.

पेंढ्यात लपलेला विद्यार्थी

धर्मगुरू व्हायचे हे त्यांनी मनाशी ठरवले होते, पण शाळा जवळजवळ झालीच नव्हती. विसाव्या वर्षी ते एक्युलीचे धर्मगुरू फादर बॅले यांच्याकडे लॅटिन शिकायला गेले. दिवसभर शेतात कुदळ मारलेल्या हाताला पुस्तक जड झाले. शिकलेले दुसऱ्या दिवशी आठवत नसे. धीर सुटू लागला तेव्हा ते संत फ्रान्सिस रेजिस यांच्या कबरीपर्यंत, ला लूव्हेस्क येथे, सुमारे शंभर किलोमीटर पायी चालत गेले, तेही वाटेत भीक मागून.

पुढे नेपोलियनच्या सैन्यात भरतीचा हुकूम आला. धर्मगुरूपदाच्या विद्यार्थ्यांना सूट होती, पण यादीत त्यांचे नाव घालायचे राहून गेले होते. ते आजारी पडले, आपल्या तुकडीच्या मागे राहिले आणि वाटेत भेटलेल्या एका माणसाच्या मागे मागे ले नोए नावाच्या डोंगरी गावात पोहोचले. तिथे सैन्य सोडून आलेली आणखी मुले लपलेली होती. क्लोदिन फायो नावाच्या एका विधवेने त्यांना आसरा दिला. नाव बदलून ते तिथे राहिले, शेतात राबले आणि गावच्या मुलांना वाचायला व धर्मशिक्षण शिकवू लागले. एकदा शिपाई झडतीला आले तेव्हा ते गोठ्यावरच्या माळ्यावर गवतात लपले. गवत आंबून तापलेले, खाली जनावरांची ऊब, श्वास घ्यायला हवा नाही. शिपायाने गवतात तलवार खुपसली तेव्हा तिचे टोक त्यांना लागले, तरी त्यांनी हूं की चूं केले नाही. इतका त्रास आयुष्यात पुन्हा कधी झाला नाही, असे ते म्हातारपणी सांगत.

सैन्यातून निघून जाणे योग्य होते का, असा प्रश्न वाचकांच्या मनात येईल. आम्ही त्याचा निवाडा करीत नाही. १८१० मध्ये सम्राटाच्या लग्नानिमित्त माफी जाहीर झाली, धाकटा भाऊ त्यांच्या जागी सैन्यात गेला आणि जॉन मेरी पुन्हा पुस्तकांकडे वळले. परत आल्यावर थोड्याच दिवसांत, फेब्रुवारी १८११ मध्ये, त्यांची आई वारली.

लिऑनच्या सेमिनरीत सगळे शिक्षण लॅटिनमध्ये होते. त्यांना ते झेपले नाही आणि त्यांना परत पाठवण्यात आले. फादर बॅले मात्र हटले नाहीत. त्यांनी फ्रेंचमधून शिकवले आणि वरिष्ठांकडे जाऊन शब्द टाकला. या मुलाला पवित्र मरियेची भक्ती आहे का, तो जपमाळ करतो का, असे वरिष्ठांनी विचारले आणि होकार मिळताच बाकीचे देवाची कृपा पाहून घेईल असे म्हणून त्याला स्वीकारले, अशी आठवण सांगतात. एका फादरांनी एका मंद विद्यार्थ्यावर विश्वास ठेवला नसता तर आज धर्मगुरूंना हा आश्रयदाता मिळाला नसता.

१३ ऑगस्ट १८१५ रोजी ग्रनोबल येथे त्यांना गुरुदीक्षा मिळाली. वॉटर्लूची लढाई होऊन दोन महिनेही झाले नव्हते. मुलुखात ऑस्ट्रियन सैन्य पसरले होते. हा एकोणतीस वर्षांचा शेतकऱ्याचा मुलगा खांद्यावर थोडी शिदोरी आणि पहिल्या मिस्सासाठी पांढरा झगा घेऊन ऐन उन्हाळ्यात सुमारे शंभर किलोमीटर एकटा चालत गेला. वाटेत शिपायांनी गुप्तहेर समजून त्याला अडवले. दीक्षाविधीला घरचे कोणी नव्हते आणि त्या दिवशी दीक्षा घेणारा दुसरा उमेदवारही नव्हता.

दोनशे तीस माणसांचे गाव

फादर बॅले यांच्या निधनानंतर, फेब्रुवारी १८१८ मध्ये, फादर व्हियानी यांची नेमणूक आर्सला झाली. दोंब नावाच्या पठारावरचे हे गाव. चिकणमाती, तळी, ओढे, मातीची घरे आणि सुमारे दोनशे तीस माणसे. त्याला स्वतंत्र धर्मग्रामाचा दर्जाही नव्हता. कागदोपत्री ते शेजारच्या मिझेरिए धर्मग्रामात मोडत होते आणि १८२१ मध्ये आर्स स्वतंत्र धर्मग्राम झाला. तिथे जाणे म्हणजे शिक्षाच, असे त्या भागातल्या धर्मगुरूंना वाटे.

धुक्यात वाट चुकल्यामुळे त्यांनी मेंढ्या राखणाऱ्या एका मुलाला रस्ता विचारला. मुलाने रस्ता दाखवला. तू मला आर्सची वाट दाखवलीस, मी तुला स्वर्गाची वाट दाखवीन, अशा अर्थाचे काही ते त्याला बोलले. त्या जागी आज दोघांचे पुतळे उभे आहेत.

आर्सचे लोक वाईट नव्हते. क्रांतीच्या काळात धर्मशिक्षण बंद पडले होते, एक पूर्ण पिढी त्यावाचून वाढली होती. बाप्तिस्मा, लग्न, मयत यांपुरते चर्च उरले होते. हिवाळ्यात रविवारी माणसे येत, पण उन्हाळा लागला की चर्च ओस पडे. सकाळी गाड्या शेताकडे निघत, संध्याकाळी पुरुष गुत्त्यात आणि तरुण मंडळी नाचायला. इतक्याशा गावात चार गुत्ते होते आणि त्यांतले दोन चर्चच्या जवळच.

फादर व्हियानी यांनी आल्या आल्या प्रवचनांचा मारा केला, पण त्याआधी ते घरोघर गेले. दुपारी, सगळे कुटुंब जेवायला जमते त्या वेळी ते जात. पीक कसे आहे, गाय व्याली का, म्हातारीचा खोकला थांबला का, हे आधी विचारीत. ते शेतकऱ्याचे पोर होते, त्यांना त्यातले कळत होते. त्यांनी धर्मगुरूनिवासातले चांगले सामान परत पाठवले, गादी देऊन टाकली. आठवड्याचे बटाटे एकदम उकडून ठेवायचे आणि दररोज एकदोन खायचे, असे त्यांचे जेवण होते. भल्या पहाटे कंदील घेऊन ते चर्चमध्ये जात आणि या गावाला पालट दे म्हणून देवाजवळ रडत. गावकऱ्यांना चर्चमधला तो उजेड दिसे.

रविवार आणि कापणी

खरा झगडा रविवारचा होता. मालकाकडे मजुरीला जाणाऱ्या माणसाने रविवारी येत नाही म्हटले तर मजुरी जायची. छोट्या शेतकऱ्याचा गहू एका पावसात झोपायचा. आपल्यातही ज्यांची शेती आहे, वाडी आहे, त्यांना हे समजावून सांगायला नको. आज शेती थोडक्यांची उरली, पण दुकान, शिफ्ट, क्लासेस यांनी रविवार तसाच मागून घेतला आहे. फादर व्हियानी यांनी या बाबतीत तसूभरही सूट दिली नाही. रविवार देवाचा आहे, आणि देवाचे काढून घेतलेले धन घरात टिकत नाही, हे ते पुन्हा पुन्हा सांगत.

जुलैतल्या एका रविवारी त्यांना वाटेत एक शेतकरी धान्याची गाडी घेऊन येताना दिसला. फादरांना पाहताच तो गाडीआड लपला. फादरांनी त्याला रागावले नाही. मी पाहिले म्हणून तुला वाईट वाटते, पण देव तर तुला नेहमीच पाहतो, एवढेच त्याला जाणवून दिले. गावकरी आणखी एक आठवण सांगत. असाच कापणीचा रविवार होता, पीक शेतात उभे होते, मिस्साच्या वेळी वारा सुटला आणि काळे ढग दाटून आले. लोकांची चुळबुळ सुरू झाली. फादरांनी वेदीवरून शेतात जायला मनाई केली आणि पीक घरी आणण्यापुरते चांगले दिवस मिळतील असा भरवसा दिला. वादळ गावावरून निघून गेले आणि पुढचे बारा दिवस उघडीप राहिली. याला कोणी योगायोग म्हणेल. पण त्या दिवशी आपले वर्षाचे पीक पणाला लावून जे शेतकरी बाकावर बसून राहिले, त्यांच्या विश्वासाला योगायोग म्हणता येणार नाही.

हळूहळू गाव बदलले. गिऱ्हाईक तुटले तसे गुत्ते बंद पडले. एका गुत्तेवाल्याला धंदा सोडण्यासाठी फादरांनी स्वतः पैसे दिले. संध्याकाळी घंटा झाली की लोक चर्चमध्ये प्रार्थनेला जमू लागले. शेतात देवदूताच्या प्रार्थनेची घंटा ऐकू आली की कुदळी थांबत. एक शेतकरी शेतावर जाता-येता आपली अवजारे चर्चच्या दाराशी ठेवी आणि आत जाऊन पवित्र साक्रामेंतासमोर नुसता बसून राही. तू तिथे काय करतोस, असे फादरांनी विचारले तेव्हा आपण प्रभूकडे पाहतो आणि प्रभू आपल्याकडे पाहतो, असे त्याने सांगितले. फादर व्हियानी पुढे आयुष्यभर ही गोष्ट लोकांना सांगत राहिले. धर्मगुरू गावाला शिकवतो तसे गावही धर्मगुरूला शिकवते, हे यातून आपल्याला दिसते.

जत्रेच्या दिवशी यात्रा

आर्सचे चर्च पोप संत सिक्स्टस यांच्या नावाने आहे आणि त्यांचा सण ६ ऑगस्टला असे. त्या सणाच्या निमित्ताने गावाची जत्रा भरे. फिडलवाला यायचा, दारू वाहायची, नाच रात्रभर चालायचा, मग भांडणे. फादरांनी एका फिडलवाल्याला त्याच्या बिदागीच्या दुप्पट पैसे देऊन वाटेतूनच परत पाठवले. पुढे मेयरने नाचाला बंदी केली तेव्हा तरुणांनी त्रेवू येथील वरिष्ठ अधिकाऱ्याकडे जाऊन ती उठवून आणली. जत्रेच्या दिवशी वाद्ये वाजू लागली, पण नाचायला गावातल्या मुली आल्या नाहीत. त्या चर्चमध्ये प्रार्थनेला बसल्या होत्या.

नुसते नको नको म्हणून भागत नाही, त्या जागी काहीतरी चांगले द्यावे लागते, हे फादरांना कळत होते. १८२३ साली ६ ऑगस्टला त्यांनी गावाला यात्रेला नेले. रात्रीच सारे निघाले. झेंडे घेऊन, गाणी म्हणत पायी त्रेवूपर्यंत गेले आणि तिथून मोठ्या होड्यांत बसून साओन नदीने लिऑनला पोहोचले. टेकडीवरच्या फुर्व्हिएरच्या मरियामातेच्या मंदिरात त्यांनी मिस्सा ऐकली. गावाच्या सरदार घराण्याने दिलेले नवे, भरजरी उपासनावस्त्र त्या दिवशी फादरांच्या अंगावर होते. स्वतः फाटका झगा घालणाऱ्या या माणसाला वेदीसाठी मात्र उत्तमातले उत्तम लागे. ज्यांनी गावाबाहेर कधी पाऊल टाकले नव्हते अशा माणसांना त्या उन्हाळ्यातली नदी, होड्या आणि ती टेकडी जन्मभर पुरली असेल. त्या गावाची करमणूक फादरांनी हिरावून घेतली असे म्हणणाऱ्यांनी ही यात्राही मोजायला हवी.

ख्रिस्तशरीराच्या सणाचीही अशीच तयारी चाले. जूनमधली फुले, रस्त्यात उभारलेल्या वेदी, पांढऱ्या कपड्यांतली मुले आणि छताखाली पवित्र साक्रामेंत हातात घेऊन चालणारे फादर. हा दिवस त्यांना वर्षातला सर्वांत आनंदाचा वाटे.

कडक फादर, मऊ फादर

संतांच्या चरित्रात केवळ गोड तेवढेच सांगायची आपल्याला सवय आहे. पण सुरुवातीच्या वर्षांत फादर व्हियानी फार कडक होते, हे लपवण्यात अर्थ नाही. नाचायला गेलेल्या मुलीला ते पापक्षमा नाकारीत, काहींना पास्काच्या सणालाही ख्रिस्तप्रसाद मिळत नसे. त्या काळच्या फ्रान्समध्ये धर्मगुरूंना असेच कडक शिक्षण मिळालेले होते. लोक चिडले. त्यांच्या दारावर घाण टाकली गेली, रात्री घराभोवती आरडाओरडा झाला, एका कुमारी मातेच्या संदर्भात त्यांच्यावर खोटा आळ घेण्यात आला. चौकशीही झाली. त्यांनी कोणाचे नाव घेतले नाही.

शेजारच्या धर्मगुरूंनाही ते खटकू लागले, कारण त्यांची माणसे आर्सला पापनिवेदनाला जाऊ लागली होती. अर्धवट शिकलेला, विचित्र वागणारा हा माणूस या कामाला लायक नाही, असा अर्ज बिशपांकडे पाठवायचे ठरले. तो कागद फिरत फिरत चुकून आर्सला आला. फादर व्हियानी यांनी तो वाचला, त्यावर स्वतःही सही केली आणि पुढे पाठवून दिला. बिशप दव्ही यांनी मात्र त्यांच्यावरचा विश्वास सोडला नाही.

याच शेजाऱ्यांसाठी ते नंतर धावून गेले. आसपासच्या धर्मग्रामांत फादर नसले की तिथे जाऊन मिस्सा अर्पण करीत, आजाऱ्यांना पाहत. त्रेवू आणि इतर गावांत मिशन भरले की पापनिवेदन ऐकायला जात. पुढे मिळेल तो पैसा साठवून त्यांनी अनेक खेड्यांत दर दहा वर्षांनी मिशन व्हावे अशी तरतूद केली. त्यांना मानाचा झगा देऊन कॅनन करण्यात आले तेव्हा तो झगाही त्यांनी पन्नास फ्रँकला विकला.

१८२४ मध्ये त्यांनी गावातल्या मुलींसाठी मोफत शाळा काढली. कॅथरिन लासान्य आणि बनवात लार्दे या गावच्याच दोन तरुणी ती चालवू लागल्या. शेतावर मजुरी करीत दारोदार फिरणाऱ्या अनाथ मुलींना मग तिथेच घर मिळाले. १८४७ मध्ये ही संस्था सिस्टर्सच्या हाती सोपवावी लागली. त्यांना ते फार लागले, पण त्यांनी ऐकले.

वर्षे गेली तसे ते मऊ झाले. हजारो माणसांची दुःखे ऐकून माणूस बदलतो. संत अल्फान्सस लिगोरी यांच्या शिकवणीचाही त्यांच्यावर परिणाम झाला. ते हलके प्रायश्चित्त देऊ लागले आणि उरलेले स्वतः करू लागले. आपल्या पहिल्या वर्षांतल्या कडक उपासांना ते पुढे तरुणपणचा वेडेपणा म्हणत.

गावाने अडवून धरलेला धर्मगुरू

१८३० नंतर आर्सला माणसांची रीघ लागली. शेवटच्या वर्षांत दरसाल सुमारे ऐंशी हजार माणसे येत असे सांगतात. लिऑनच्या स्टेशनवर आर्ससाठी आठ दिवस चालणारे तिकीट मिळे, कारण पापनिवेदनाला नंबर लागायला दोन-तीन दिवस जात. फादर मध्यरात्रीनंतर एक-दोन वाजता चर्चमध्ये येत आणि दिवसाचे सोळा सोळा तास कन्फेशनलमध्ये बसत. आपले वाडवडील ज्याला कुमसार म्हणत, तो ऐकणे हेच त्यांचे जीवन झाले. हिवाळ्यात पाय बधिर होत. उन्हाळ्यात तर त्या छोट्या चर्चमध्ये श्वास घेणे कठीण होई, गर्दीचा उबारा आणि घामाचा वास यांनी त्यांना भोवळ येई. तरीही उन्हाळ्यातच माणसे जास्त येत, कारण प्रवासाला दिवस बरे असत.

या माणसाला तिथे राहायचे नव्हते, हे वाचून आम्हाला पहिल्यांदा नवल वाटले. एकांतात जाऊन आपल्या पापांसाठी रडावे, ही त्यांची जन्मभराची ओढ होती. धर्मगुरू म्हणून आपण नालायक आहोत असे त्यांना मनापासून वाटे. तीन वेळा ते गाव सोडून निघाले. १८४३ च्या सप्टेंबरमध्ये, मोठ्या आजारातून उठल्यावर, ते दार्दिलीला भावाकडे गेले. लोक त्यांच्या मागोमाग तिथे पोहोचले आणि आठवड्याभरात ते परतले. १८५३ च्या सप्टेंबरमध्ये ते रात्रीच निघाले तेव्हा बातमी फुटली. चर्चची घंटा घणघणू लागली. आग लागली की चोर आले असे वाटून माणसे बादल्या आणि काठ्या घेऊन धावली. कंदिलांच्या उजेडात त्यांनी आपल्या म्हाताऱ्या फादरांची वाट अडवली. त्यांच्या मदतनीस फादरांनी त्यांचे प्रार्थनापुस्तकच काढून घेतले. बायका रडू लागल्या, यात्रेकरू आमचे पापनिवेदन ऐका म्हणून विनवू लागले. थोडा वेळ ते उभे राहिले, मग वळले आणि चर्चमध्ये जाऊन कन्फेशनलमध्ये बसले.

पस्तीस वर्षांपूर्वी ज्या गावाला फादर नकोसे होते, त्याच गावाने त्यांना जाऊ दिले नाही. गावाने फादरांना राखले आणि फादरांनी आपली सर्वांत मोठी इच्छा गावासाठी सोडून दिली. आम्हाला त्यांच्या सगळ्या चमत्कारांपेक्षा हे मोठे वाटते.

शेवटचा उन्हाळा

१८५९ चा जुलै भयंकर तापला होता. २९ जुलैच्या शुक्रवारी ते नेहमीसारखे मध्यरात्रीनंतर उठून चर्चमध्ये गेले. दिवसभरात गुदमरून अनेकदा बाहेर यावे लागले. अकरा वाजताच्या धर्मशिक्षणाला त्यांचा आवाज कोणालाच नीट ऐकू आला नाही. रात्री घरी पोहोचले ते पुन्हा उठले नाहीत.

उन्हाने खोली भट्टीसारखी झाली होती. तेव्हा गावकऱ्यांनी शिड्या लावून धर्मगुरूनिवासाच्या छपरावर मोठ्या चादरी अंथरल्या आणि त्यांवर पुन्हा पुन्हा पाणी मारून त्या ओल्या ठेवल्या. ज्यांना त्यांनी एकेकाळी कापणीच्या दिवशी शेतातून परत बोलावले होते, त्याच गावची ही माणसे. आजारी माणसाला दुसरे काय द्यावे हे त्यांना ठाऊक नव्हते, गारवा द्यावा एवढे कळत होते.

२ ऑगस्टला अंतिम संस्कार देण्यात आले. वीसेक धर्मगुरू मेणबत्त्या घेऊन खोलीत आले, पण उकाडा असह्य झाल्याने त्या विझवाव्या लागल्या. ४ ऑगस्टला पहाटे दोन वाजता, वयाच्या त्र्याहत्तराव्या वर्षी, ते शांतपणे देवाघरी गेले. अंत्यविधी झाला ६ ऑगस्टला, संत सिक्स्टस यांच्या सणादिवशी. एकेकाळी याच दिवशी तिथे फिडल वाजत असे. त्या दिवशी सुमारे तीनशे धर्मगुरू आणि हजारो माणसे आर्सच्या रस्त्यांवर होती आणि सारी एका शेतकऱ्याच्या मुलाला निरोप द्यायला आली होती.

पोप दहावे पायस यांनी १९०५ मध्ये त्यांना धन्यवादित घोषित केले, पोप अकरावे पायस यांनी ३१ मे १९२५ रोजी संतपद दिले आणि १९२९ मध्ये जगभरातील धर्मग्रामांच्या धर्मगुरूंचे आश्रयदाते म्हणून जाहीर केले. त्यांच्या निधनाला दीडशे वर्षे झाली तेव्हा, २००९-१० हे वर्ष पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी धर्मगुरूंचे वर्ष म्हणून पाळायला लावले.

आपण काय घ्यावे?

ते मोठे विद्वान नव्हते, त्यांनी मोठे ग्रंथ लिहिले नाहीत. एकेचाळीस वर्षे एकाच खेड्यात राहिले. आपल्या फादरांची दर काही वर्षांनी बदली होते, त्यामुळे आपण त्यांना पाहुणे समजू लागतो. प्रवचन लांबले, फी वाढली, सणाला बँड नको म्हटले, की आपली कुजबुज सुरू होते. तक्रार करण्याचा हक्क आपल्याला आहेच. आर्सच्या लोकांनीही केली होती आणि सगळीच खोटी नव्हती. पण त्यांनी तक्रारीवर थांबायचे नाही हे शिकून घेतले. ते संध्याकाळच्या प्रार्थनेला आले, यात्रेला निघाले, वेळ आली तेव्हा काठ्या घेऊन रस्त्यात उभे राहिले आणि शेवटी छपरावर चढून पाणी मारले.

या ४ ऑगस्टला फादरांना फुले जरूर देऊ या. पण त्याबरोबर एक रविवार पूर्णपणे प्रभूला देऊ या, बऱ्याच दिवसांचे राहून गेलेले पापनिवेदन करू या, आणि फादरांची विचारपूस करू या, त्यांनी जेवण केले का, बरे वाटते का, म्हणून. आपल्या घरी आल्यावर ते आपल्याला हेच तर विचारतात.

संत जॉन मेरी व्हियानी, आमच्या धर्मगुरूंसाठी आणि आम्हांसाठी विनंती कर.